ट्रायथलॉनची तयारी करताना घर आणि मित्र कसे सांभाळावेत

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, सुट्टी होती म्हणून पहाटे साडेचारला सायकल काढली. नागपुरातून अमरावती रोडने बाजारगावच्या पुढे जाऊन परत, साडेआठला घरी. आंघोळ केली, खाल्लं आणि पाच मिनिटं पाठ टेकू म्हणून आडवी झाले ती साडेतीनला उठले. मुलाचा लाकडी नंदी दारात सजून उभा होता. शेजारच्या काकूंनी बेगड लावून दिली होती, शिंगांना गोंडेही बांधले होते. "तू झोपून होती ना," एवढंच म्हणून तो मित्रांबरोबर बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ आणि पैसे, गोळा करायला निघून गेला. नंदी आम्ही दोघांनी मिळून सजवायचा असं आदल्या रात्री ठरलं होतं.

आपण पहाटे बाहेर असतो तेव्हा घर झोपलेलंच असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. घरच्यांची खरी हानी होते ती नंतर आपण झोपून काढतो त्या दुपारी. त्यामुळे या लेखात सरावाच्या तासांपेक्षा सरावानंतरच्या तासांची आखणी जास्त आहे.

पायरी 1: अंतर घरी बसून ठरवा

ट्रायथलॉन म्हणजे एकाच शर्यतीत सलग पोहणं, सायकल आणि धावणं. त्यातलं कोणतं अंतर करायचं ते फॉर्म भरण्याआधी ठरवा. स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर 1.5, 40 आणि 10 किलोमीटरचं. हाफ आयर्नमॅन 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर, आणि फुल त्याच्या दुप्पट. स्प्रिंटला आठवड्याचे साधारण 4 ते 6 तास पुरतात, हाफला 8 ते 12 लागतात. माझा अनुभव असा की या आकड्यात निम्मे तास आणखी मिळवावे लागतात: तलावावर जाणं-येणं, टायरमध्ये हवा, कपडे धुणं, आडवं होणं. म्हणजे आठ तासांचा सराव घराला बारा तासांना पडतो. हा बारांचा आकडा नवऱ्याला किंवा बायकोला, आईवडिलांना, सासूसासऱ्यांना मोकळेपणाने सांगा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर स्प्रिंटच करा. ती काही कमी प्रतीची शर्यत नाही.

पायरी 2: तिथींचं कॅलेंडर समोर घ्या

आपल्याकडच्या पुष्कळांचं स्वप्न असतं ते गोव्याच्या हाफ आयर्नमॅनचं. ती 2019 साली सुरू झाली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. तिथून तयारीचे सोळा आठवडे मागे मोजा. सगळ्यात मोठ्या राईड नेमक्या पोळा, मारबत (तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची नागपूरची मिरवणूक), गणपती, महालक्ष्म्या (गौरी) आणि नवरात्रावर येऊन पडतात. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि घरभर पाहुणे असतात. त्या तीन दिवसांत सायकल घेऊन बाहेर पडणं मला पटत नाही. सुदैवाने सरावात दर चौथ्या आठवड्याला भार उतरवायचाच असतो. तो हलका आठवडा सणाच्या आठवड्यावर आणून बसवा आणि त्याच्या पुढची-मागची गणितं जुळवा. यंदा माझ्या कॅलेंडरवर तान्ह्या पोळ्याच्या चौकटीत फक्त "बेगड" लिहिलं आहे.

पायरी 3: आठवडा बांधा

तलावाच्या बॅचची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून आधी पोहण्याचे दिवस ठरवा. मुलाची शिकण्याची बॅच त्याच वेळेला मिळाली तर दोघांचीही सोय होते. शनिवारी सुट्टी असेल तर लांब राईड शनिवारी करा आणि रविवार पूर्ण घरचा ठेवा. धावणं सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा फुटाळा तलावाच्या काठाने होऊन जातं.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. या शहराने मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत धावणं संपवा. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवणार असाल तर आजी ज्या कूलरसमोर झोपल्या आहेत तो आपल्याकडे वळवू नका.

पायरी 4: दुपार वाचवा

दुपारची गुंगी बहुतेक वेळा कमी खाल्ल्यामुळे येते. चार तास सायकल चालवून आपण एका केळ्यावर परत येतो आणि मग दिवसभर डोळे उघडत नाहीत. दीड तासाच्या पुढे राईड असेल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मोठ्या केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं, सोबत तीन-चार खजूर, आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ. भूक लागायची वाट न पाहता घड्याळ बघून खा. मी हे सुरू केलं आणि पंधरा दिवसांत फरक पडला.

बाकीचं सोपं आहे. आदल्या रात्री साडेनऊला झोपा. परत आल्यावर अलार्म लावून पंचवीस मिनिटंच पडा. अकरा वाजता घरातलं एक काम आपल्या नावावर ठेवा, भाजी आणणं किंवा मुलाचा अभ्यास, ज्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. परतायची वेळ सांगून निघा आणि उशीर होत असेल तर राईड अर्धी सोडून वळा.

पायरी 5: मित्रांसाठी सकाळ शोधा

जुन्या मित्रमैत्रिणींच्या बैठका रात्री दहाला सावजी भोजनालयात जमतात, आणि आपण तेव्हा झोपलेलो असतो. दोन-तीनदा नाही म्हटलं की बोलावणं बंद होतं. ते बंद व्हायच्या आधीच सांगा: "शनिवारी साडेआठला राईड संपते, तर्री पोहे खायला ये." पोह्यांना नागपुरात कोणी नाही म्हणत नाही. शिवाय महिन्यातली एक रात्र त्यांना द्या, दुसऱ्या दिवशीचा अलार्म बंद करून. तिथे पेस आणि हार्ट रेटच्या गोष्टी काढू नका, त्यांच्या नोकरीचं, आईच्या गुडघ्यांचं विचारा.

पायरी 6: घरच्यांना आत येऊ द्या, ओढू नका

सायकलवरून उतरून लगेच धावायचं, याला ब्रिक म्हणतात. तो आपल्या गेटपासूनच करा. सायकल भिंतीला टेकवायची, बूट बदलायचे आणि कॉलनीला चार फेऱ्या. माझा मुलगा पायरीवर बसून खडूने फेऱ्या मांडतो आणि तिसऱ्या फेरीला पाण्याचा पेला पुढे करतो. त्याला कंटाळा आला की तो आत जातो. जाऊ द्यावं.

पायरी 7: शर्यतीनंतरचे पंधरा दिवस

हे आधीच लिहून ठेवा, कारण नंतर लगेच पुढच्या शर्यतीचा विचार सुरू होतो. ज्यांनी इतके महिने डबे भरले, मुलांना शाळेत सोडलं, त्यांना विचारा की हे पंधरा दिवस कसे हवेत. माझ्या नवऱ्याला काटोलकडच्या घरच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोडीला जायचं होतं. गेलो. सायकल नागपुरातच ठेवली होती.