बाराटांगला जायचं की नाही? ठरवताना या चुका टाळा

अंदमानला निघालेल्या माणसांचे फोन येतात तेव्हा विमान, हॉटेल, हॅवलॉक बेटाची बोट एवढं बोलून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बाराटांग करायचं का?" खरं तर बहुतेकांचं ते करायचं आधीच ठरलेलं असतं, कारण एजंटने दिलेल्या कागदावर तिसऱ्या दिवसापुढे "बाराटांग: जंगल ड्राइव्ह, गुहा, ज्वालामुखी" अशी ओळ असते. मी पुण्याहून छोटे गट घेऊन अंदमानला जाते आणि या एका ओळीपायी लोकांच्या सहलीचा अख्खा दिवस वाया जाताना पुन्हा पुन्हा पाहते. बाराटांग हे बेट वाईट नाही. पण तिथे कोणी, कधी आणि कशासाठी जावं याचा विचार न करताच लोक पहाटे तीन वाजता गाडीत बसतात.

किलोमीटर मोजणं

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण तिथल्या रिक्षावाल्यापासून सगळे अजून जुनंच नाव घेतात) ते बाराटांग हे अंतर साधारण १०० किलोमीटर. आपल्या डोक्यात लगेच दोन-अडीच तासांचा हिशोब होतो, आणि चूक इथेच सुरू होते.

हा अंदमान ट्रंक रोड आहे. जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटच्या खाडीपर्यंत तो जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. इथे आपली गाडी आपल्या मर्जीने नेता येत नाही. ठरलेल्या वेळी फाटक उघडतं, पुढे-मागे पोलिसांची गाडी लागते आणि मधे सगळ्या गाड्यांचा एक ताफा. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमाराला सुटतो. त्यासाठी साडेतीनच्या आत हॉटेल सोडायचं, जिरकाटांगला रांगेत गाडी लावायची, प्रत्येकाचं नाव-वय-ओळखपत्र लिहिलेला फॉर्म द्यायचा आणि टपरीवर चहा-वडा घेऊन उजाडायची वाट बघायची. जंगलातून दीड तास गेलं की मिडल स्ट्रेट. तिथे खाडी ओलांडायला फेरीबोट. पलीकडे निलांबूर जेट्टीवरून लहान मोटरबोटीने खारफुटीच्या खाडीत अर्धा तास, मग गुहेपर्यंत दीड-एक किलोमीटर चाल. हे सगळं करून परतीचा ताफा गाठायचा. त्यातला शेवटचा दुपारी तीनच्या आसपास निघतो. वेळा बदलतात, त्या आदल्या संध्याकाळी विचारून घ्याव्यात.

बारा-तेरा तासांच्या या दिवसात प्रत्यक्ष बघण्याचा वेळ तीन तासांच्या आत-बाहेर भरतो, बाकी रस्ता आणि रांगा. म्हणून मला कोणी किती किलोमीटर असं विचारलं की मी अंतर सांगतच नाही, किती वाजता उठायचं आणि किती वाजता परत यायचं तेवढं सांगते.

आणि "ड्राइव्ह" या शब्दाने तर फारच फसगत होते. आपल्याला कोकणातला सागरी रस्ता माहीत असतो. वाटेल तिथे गाडी बाजूला घ्यायची, कोकम सरबत प्यायचं, कड्यावरून समुद्र बघायचा. ट्रंक रोडवर पहिला टप्पा अंधारात जातो. राखीव क्षेत्रात थांबायला बंदी, ओव्हरटेक करायला बंदी, फोटो काढायला बंदी. जंगल अस्सल आहे. गर्जन आणि पडौकची झाडं इतकी उंच की गाडीच्या काचेतून शेंडा दिसत नाही, सकाळचा उजेड वेलींमधून कसाबसा खाली झिरपतो. ज्याला नुसतं बसून जंगल बघण्यात आनंद आहे त्याला हा दीड तास पुरेपूर मिळतो. पण रस्त्यावरून समुद्र दिसेल, मधे उतरून पाय मोकळे करू, या अपेक्षेने आलेल्यांना पुढच्या बसची मागची बाजू बघत जावं लागतं.

उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाणं

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हे केलं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि सात वर्षांची नात. पुण्याहून रात्रीचं विमान, चेन्नईला बसून काढलेली पहाट, दुपारी पोर्ट ब्लेअर. एजंटने दुसऱ्याच दिवशी बाराटांग लावलं होतं, का तर "पहिलं उरकून टाकू, मग निवांत". रस्ता दोन तासांचा आहे असंही त्यानेच सांगितलेलं.

रात्री अडीचला सगळ्यांना उठवलं. आजोबांना मधुमेह, त्यामुळे त्यांची गोळी आणि खाणं घड्याळाला बांधलेलं. जिरकाटांगला काहीतरी खाऊन घ्या असं कोणी सांगितलं नाही, आणि मुलगा रांगेतली जागा जाईल म्हणून खाली उतरू देईना. ताफा सुटल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत नात ओकायला लागली. गाडी थांबवता येत नाही. सूनबाईंनी बिस्किटांच्या पिशवीत, मग स्वतःच्या ओढणीत धरलं. आजोबांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. पर्समध्ये सापडलेल्या लिमलेटच्या गोळ्यांवर त्यांनी मिडल स्ट्रेट गाठलं. तिथे पोचल्यावर आजी आणि आजोबा जेट्टीच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. मुलगा नातीला घेऊन गुहेकडे गेला. ती अर्ध्या वाटेवर खांद्यावर झोपली. परत फिरायचं तर ताफ्याची वाट बघणं आलंच.

मला फोन आला तो संध्याकाळी. आजोबांना विचारायचं होतं की सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या दिवशी बघता येईल का, कारण त्या दिवशी उभं राहायचं बळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची हॅवलॉकची बोट. शेवटी जेल बघायला मिळाला तो परतीच्या विमानाच्या सकाळी, घाईघाईत चाळीस मिनिटं. १९११ ते १९२१ सावरकर ज्या कारागृहात होते, तिथल्या त्यांच्या कोठडीसमोर उभं राहावं या एका इच्छेसाठी हा माणूस अंदमानला आला होता.

"उरकून टाकू" हा शब्द सहलीच्या आखणीत ऐकला की मला राग येतो. उरकायचंच असेल तर घरी राहावं. माझ्या गटात पहिला दिवस फक्त जेलचा. दुपारी उजेडात आतून नीट बघायचा: इमारतीच्या सात पंखांपैकी उरलेले तीन, मधला मनोरा, फाशीघर, कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा म्हणजे कोलू. मग कार्यक्रम. बाराटांग घ्यायचंच असेल तर चौथ्या दिवसानंतर, आणि आदल्या रात्री नऊला दिवे बंद. मुक्काम पाच रात्रींहून कमी असेल तर मी बाराटांग काढूनच टाकते. त्यावर वाद घालत नाही.

जारवा "दिसतील" म्हणून जाणं

हे लिहिताना मला शब्द मऊ करायचे नाहीत. "जारवा दिसतात का हो?" असं विचारणाऱ्याला मी माझ्या गटात बाराटांगला नेत नाही.

जारवा मोजके काहीशेच आहेत. हजारो वर्षं त्या जंगलात राहिलेली माणसं. बाहेरच्यांशी त्यांचा मोकळा संपर्क सुरू झाला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी, आणि पाठोपाठ १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला साधा वाटणारा ताप-खोकला त्यांच्या शरीराला ओळखीचा नाही. एवढ्याशा समाजात एक साथ म्हणजे काय याचा विचार गाडीच्या काचेतून बिस्किटाचा पुडा बाहेर धरणाऱ्याने करावा. पुड्यामागून तंबाखू येतो, तंबाखूमागून दारू येते, आणि जंगलातून स्वतःचं अन्न मिळवणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहायला शिकतो. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दिसली तेव्हा देशाची मान खाली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने तर त्याच्या दहा वर्षं आधी, २००२ मध्येच, राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच राहिला.

एकदा जिरकाटांगच्या रांगेत आमच्या पुढच्या गाडीतला एक गृहस्थ ड्रायव्हरला सांगत होता, "दिसले की जरा हळू घे, मी देतो तुला वेगळे." हातात मोबाइल, मांडीवर केळ्यांचा घड. भाषा मराठी होती, म्हणून जास्त लागलं. मी उतरून त्याच्या खिडकीशी गेले आणि सांगितलं की फोटो काढणं आणि खायला देणं हे दोन्ही गुन्हे आहेत, तुरुंगात जावं लागतं आणि ड्रायव्हरचा परवाना, त्याच्या घरची चूल, तुमच्या फोटोपायी जाईल. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या ओठांवर आलेलं आणि गिऱ्हाईकाला बोलता न आलेलं ते वाक्य होतं, हे मला नंतर फेरीबोटीवर त्याने स्वतः सांगितलं.

माझी रीत अशी: फाटक उघडायच्या आधी सगळ्यांचे फोन एका पिशवीत, पिशवी माझ्या पायाशी, काचा वर, खाण्याचं सगळं मागच्या डिकीत. रस्त्यात माणसं दिसली तर समोर बघायचं. एखाद्याच्या घराच्या अंगणातून जावं लागलं तर आपण जसे नजर आवरून जातो, तसं. हे ज्याला जाचक वाटतं त्याने पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला जावं, तिथे सूर्यास्त सुंदर असतो.

ज्वालामुखीची अपेक्षा

बाराटांगला आहे तो चिखलाचा ज्वालामुखी. जमिनीखाली सेंद्रिय पदार्थ कुजून वायू तयार होतो, तो चिखलाला वर ढकलतो, आणि कुंपणाच्या आत राखाडी चिखल बुडबुडे सोडत असतो. २००४च्या भूकंपानंतर त्याने जोराची उसळी घेतली होती, एरवी तो शांत असतो. लाव्हा ओकणारा तो बॅरन बेटावरचा, आणि ते समुद्रात फार लांब आहे. मुलांना आधी नीट सांगा, नाहीतर कुंपणापाशी रडारड होते. मला मात्र तो चिखल आवडतो. पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की बुडबुडा फुटतानाचा "बुळ्ळ" आवाज ऐकू येतो.

बाकी लहानसहान, पण तितक्याच नडणाऱ्या

संध्याकाळचं विमान असलेल्या दिवशी बाराटांग ठेवू नका. फेरी चुकली की ताफा चुकतो.

मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

जिरकाटांगला स्वच्छतागृहात जाऊनच या, लागलेली नसली तरी.

अंदमानात दिवस लवकर मावळतो. डिसेंबरात पाचलाच अंधारायला लागतं, त्यामुळे "परत येऊन बीचवर जाऊ" होत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांना हलत्या बोटीतून चढ-उतार आणि नंतरची चाल झेपत नाही. मिडल स्ट्रेटला बसवून ठेवण्यापेक्षा त्यांचा तो दिवस पोर्ट ब्लेअरच्या संग्रहालयांत चांगला जातो.

भर पावसाळ्यात जाऊ नका. गुहेकडची वाट निसरडी होते.

खारफुटीच्या पाण्यात हात सोडू नका. त्या खाड्यांत मगरी आहेत, आणि लाइफ जॅकेट उकडतं म्हणून काढू नका.

मग कोणी जावं?

ज्याला ती खाडी बघायची आहे त्याने नक्की जावं. बोट अरुंद फाट्यात शिरते, दोन्ही बाजूंची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, डोक्यावर फांद्या मिळालेल्या, आणि नावाडी इंजिन मंद करतो. गुहेत टॉर्चच्या उजेडात चुनखडीचे झुंबर लटकलेले दिसतात. वरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थराथराने साठून ते हजारो वर्षांत घडतात. त्यांना बोट लावू नये, हाताच्या तेलाने त्यांची वाढ थांबते.

आणि त्याच दिवशी परत न फिरणाऱ्याने तर जावंच. माझं स्पष्ट मत आहे की ट्रंक रोडचं सार्थक पुढे जाण्यात आहे. बाराटांग करून पुढे रंगत या गावी मुक्काम करा. तिथे धानीनाल्याचा खारफुटीतून जाणारा लाकडी पूल आहे, आमकुंजचा किनारा आहे. आणखी दोन दिवस असतील तर दिगलीपूर: ७३२ मीटरचं सॅडल पीक, वाळूच्या पट्ट्याने जोडलेली रॉस आणि स्मिथ बेटं, हिवाळ्यात अंडी घालायला कासवं येतात तो कालीपूरचा किनारा. राखीव क्षेत्र संपल्यावर रस्ता आपला होतो. भातशेती, सुपारीच्या बागा, बंगाली वस्त्या, कुठेही थांबा. परतीला रंगतहून हॅवलॉकच्या बाजूने सरकारी बोट मिळते. तिचे दिवस आणि तिकीट आधी चौकशी करून ठरवलं तर जारवांच्या जंगलातून दुसऱ्यांदा जावंही लागत नाही. जाताना-येताना दोन्हीकडे बोट जमली तर त्याहून उत्तम.

एवढे दिवस नसतील तर नील बेटावर भाड्याची स्कूटर घ्या. अख्खं बेट अर्ध्या दिवसात फिरून होतं, भाजीच्या मळ्यांमधून रस्ता जातो, भरतपूर आणि लक्ष्मणपूरचे किनारे मिळतात आणि कुठल्याही फाटकाची वाट बघावी लागत नाही. लक्ष्मणपूरला नैसर्गिक दगडी कमान बघायची असेल तर ओहोटीची वेळ विचारून निघा, भरतीला तिथवर चालत जाता येत नाही.