हुजूर पक्षाची विरोधातली 13 वर्षं: प्रबंधाला बसण्याआधी

ब्रिटनचा हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष, 1997 ते 2010, हा विषय एम.ए.च्या प्रबंधाला घेतला की पहिल्याच आठवड्यात अनुक्रमणिका तयार होते: हेग, डंकन स्मिथ, हॉवर्ड, कॅमेरॉन. चार नेते, चार प्रकरणं. दिसायला झकास, आणि इथेच प्रबंध बसतो. कारण मग चार चरित्रं लिहून होतात आणि हाती एवढंच लागतं की पहिले तिघे पडले, चौथा पंतप्रधान झाला. हे सांगायला प्रबंध कशाला हवा?

चरित्रं बाजूला ठेवा आणि आधी मतांची वही घाला. प्रत्येक नेतेनिवडीसाठी एक पान. त्यावर तारीख, त्या दिवशी लागू असलेला नियम, मतदार कोण, फेरीनिहाय मतं आणि शेवटी बेरीज. बेरीज पक्षाच्या त्या दिवशीच्या खासदारसंख्येशी जुळलीच पाहिजे. 1997 ची पहिली फेरी घ्या: क्लार्क 49, हेग 41, रेडवुड 27, लिली 24, हॉवर्ड 23. बेरीज 164. पण 1 मे 1997 ला पक्षाचे खासदार निवडून आले होते 165! चूक कुठे? कुठेच नाही. अक्सब्रिजचे खासदार निकालानंतर आठवड्याभरातच वारले आणि पोटनिवडणूक जुलैअखेर झाली. असा एकाचा फरक दिसला की थांबून कारण शोधायचं. शेवटच्या फेरीत हेग 92, क्लार्क 70, म्हणजे 162. दोघांचं मत मोजणीत नाही. तेही टिपून ठेवा.

आता सापळा. यात भलेभले अडकतात, म्हणून जरा लांबण लावतो.

हेग यांना फक्त खासदारांनी निवडलं. साध्या सभासदांना त्या निवडणुकीत मत नव्हतं. सभासदांना अंतिम मत देणारी पक्षघटना खुद्द हेग यांनी नेता झाल्यावर 1998 मध्ये आणली. खासदारांनी फेऱ्या घेऊन दोनच नावं उरवायची आणि त्या दोघांतून सभासदांनी एक निवडायचं. अनेक टिपणांत हा नियम मागे नेऊन 1997 ला चिकटवलेला असतो. त्यातच 1997 च्या शरद ऋतूत हेग यांनी आपल्या नेतृत्वावर आणि सुधारणांवर सभासदांचा कौल घेतला होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तो कौल म्हणजे मागाहून घेतलेली मान्यता, निवडणूक नव्हे.

याचा परिणाम 2001 च्या पानावर दिसतो. पहिल्या फेरीत डेव्हिस आणि अँक्रम दोघांनाही 21 मतं पडली. तळाला बरोबरी झाली तर काय करायचं हे नव्या नियमांत नव्हतंच, म्हणून फेरी पुन्हा घ्यावी लागली. तिसऱ्या फेरीत क्लार्क 59, डंकन स्मिथ 54, पोर्टिलो 53. पोर्टिलो एका मताने बाहेर. मग सभासदांनी डंकन स्मिथ यांना 1,55,933 मतं दिली, क्लार्क यांना 1,00,864. सभासदांच्या मतांचा हा आकडा एवढा घसघशीत आहे की वाचणारा भुलतो आणि 'पक्षाने भरघोस पाठिंबा दिला' असं लिहून मोकळा होतो. पक्षाने म्हणजे कोणी? 166 खासदारांपैकी 112 जणांनी शेवटच्या फेरीत डंकन स्मिथ यांना मत दिलं नव्हतं, आणि सभागृहात रोज त्यांच्या पाठीमागे बसणार होते ते हेच. सभासदांच्या आणि खासदारांच्या आकड्यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने करा. एकाच रकान्यात भरलेत तर ऑक्टोबर 2003 मध्ये काय झालं ते कधीच कळणार नाही.

तिथे उपसापळा आहे. आपल्याकडे अविश्वास ठराव म्हटलं की लोकसभा आठवते. हा मामला पक्षाच्या आतला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे 15 टक्के खासदारांनी '1922 समिती'च्या (पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या खासदारांची समिती) अध्यक्षांकडे पत्रं दिली की मतदान व्हायचं. तेव्हा खासदार 165, म्हणजे 25 पत्रं. पत्रांनी नेता जात नाही, फक्त मतदान घडतं. जायला निम्म्याहून जास्त मतं विरोधात लागतात. 29 ऑक्टोबरला डंकन स्मिथ यांच्या विरोधात 90, बाजूने 75. सभासदांना कोणी विचारलंच नाही. पुढे हॉवर्ड बिनविरोध आले, म्हणजे सभासदांना पुन्हा मत नाही. 2005 च्या पराभवानंतर हॉवर्ड यांनी निवडीचा अधिकार खासदारांकडे परत न्यायचा घाट घातला, तो आवश्यक बहुमताअभावी फसला. म्हणून कॅमेरॉन 1998 च्याच नियमाने आले. पहिल्या फेरीत डेव्हिस 62, कॅमेरॉन 56. दोनच दिवसांनी कॅमेरॉन 90, डेव्हिस 57. दोन्ही रकान्यांत पुढे असलेला हा या काळातला पहिला नेता.

हे वाचून डोकं गरगरलं असेल तर घाबरू नका. पानं मोजून चारच आहेत, त्यातलं एक बिनविरोध. शांतपणे बसलात तर दोन दुपारी पुरतात. जे मार्गदर्शक 'तक्ते नंतर बघू, आधी आशय लिही' म्हणतात, त्यांचं या एका बाबतीत ऐकू नका.

आधुनिकीकरणाचं प्रकरण त्यामानाने सोपं, पण ते 2005 पासून सुरू केलंत तर चुकलंत. संघटनेची डागडुजी हेग यांची. 1998 पूर्वी स्थानिक संघटना, मध्यवर्ती कार्यालय आणि संसदीय पक्ष मिळून कायद्याने एक संस्थाही नव्हती. पक्षाच्या तेव्हाच्या अध्यक्ष थेरेसा मे यांचं बोर्नमथचं भाषण ऑक्टोबर 2002 चं. 'लोक आपल्याला दुष्ट पक्ष म्हणतात' असं त्या म्हणाल्या. लोक म्हणतात, असं. हा शब्द त्यांच्या स्वतःच्या मतासारखा उद्धृत करू नका, परीक्षक तिथेच पकडतात. कॅमेरॉन यांनी पक्षाच्या बोधचिन्हात मशालीच्या जागी झाड आणलं, पर्यावरणाचा गजर केला. त्यावर अर्ध्या पानाहून जास्त खर्च करू नका. खरा ऐवज उमेदवारीत आहे. 2006 ची पसंतीच्या उमेदवारांची यादी वरून आली, पण उमेदवार ठरवणं स्थानिक संघटनांच्याच हाती राहिलं. रस्सीखेच तिथे शोधा. पक्षाच्या महिला खासदार 2005 मध्ये 17 होत्या, 2010 मध्ये 49 झाल्या.

टक्केवारीही जपून वापरा. 1997 मध्ये 30.7, 2001 मध्ये 31.7; वाढ दिसते. पण एकूण मतदान 71 टक्क्यांवरून 59 वर घसरलं होतं, त्यामुळे प्रत्यक्षात पडलेली मतं 10 लाखांहून जास्त कमी झाली. जागा वाढली एक.

साधनांसाठी हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीची टिपणं आणि हॅन्सर्ड (संसदेतल्या चर्चांचा अधिकृत अहवाल), दोन्ही फुकट मिळतात. नेत्यांच्या आठवणी शेवटी वाचा, वही भरल्यावर. आधी वाचल्यात तर जो छान लिहितो त्याचीच बाजू खरी वाटू लागते. आणि शेवटचं पान 6 मे 2010 चं ठेवा: 36.1 टक्के मतं, 306 जागा, बहुमताला हव्यात 326. आघाडीच्या वाटाघाटी हा वेगळा प्रबंध आहे, त्यात शिरू नका.