घरच्या एस्प्रेसोसाठी कॉफी एकसारखी कशी भरावी आणि कशी दाबावी

एस्प्रेसो बिघडला की लोक आधी मशीनला दोष देतात, मग बियांना, आणि शेवटी टॅम्पर (कॉफी दाबायचा सपाट तळाचा ठोकळा) आणखी जोराने दाबू लागतात. मशीन आणि बिया ठीकठाक असतील, तर दोष बहुधा बास्केटमधल्या, म्हणजे कॉफी भरायच्या चाळणीसारख्या वाटीतल्या, कॉफीच्या थरात असतो. एस्प्रेसोत पाणी सुमारे ९ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाबाने त्या थरातून ढकलले जाते आणि जिथे अडथळा कमी, तिथून ते धावते. थर एखाद्या जागी विरळ असेल तर तिथे पाट फुटतो. यालाच चॅनेलिंग म्हणतात. पाटालगतची कॉफी गरजेपेक्षा जास्त निथळून कडू होते, बाकीची अर्धवट भिजून आंबट राहते, आणि एकाच कपात दोन्ही दोष एकदम लागतात.

सुरुवातीलाच बास्केट उलटी करून तळ पाहावा. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर ती दुहेरी तळाची बास्केट आहे. तीत दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, त्यामुळे कॉफी कितीही निगुतीने भरली तरी फरक फारसा जाणवत नाही. पुढचे सगळे साध्या, तळभर छिद्रे असलेल्या बास्केटसाठी आहे. तसेच फिल्टर कॉफीसाठी दळून आणलेली, चिकोरी मिसळलेली पूड इथे वापरू नये. माटुंग्याहून आणलेली ती पूड तिच्या जागी उत्तमच असते, पण एस्प्रेसोसाठी बिया घरीच, त्या त्या वेळी दळाव्यात.

बिया ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलाव्यात. बास्केट १८ ग्रॅमची असेल तर १७ ते १९ ग्रॅमच्या मर्यादेत राहावे. भर जास्त होते आहे का, हे पाहण्यासाठी दाबलेल्या कॉफीवर रुपयाचे नाणे ठेवून पोर्टाफिल्टर (बास्केट ज्यात बसते तो दांड्याचा भाग) मशीनला लावावा आणि लगेच काढावा. नाणे कॉफीत रुतले असेल तर एखादा ग्रॅम कमी करावा. (नाणे काढायचे विसरू नये, हे सांगावे लागते.)

आता ज्या टप्प्याने मला सर्वाधिक छळले, तो टप्पा. ग्राइंडरमधून पडणारी कॉफी बास्केटमध्ये सारखी कधीच पडत नाही. मध्यभागी ढीग होतो, ढिगाखालची कॉफी पडतापडताच घट्ट बसते, कडेला ती विरळ राहते, आणि अधूनमधून गुठळ्या असतात. बोटाने ढीग सपाट केला की वरून सगळे छान दिसते, पण आतली घनता होती तशीच विषम राहते. वर फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या पंखेवाल्या चकत्या हल्ली हौसेने विकत घेतल्या जातात. त्या नेमके हेच करतात, वरचे काही मिलिमीटर सारखे करून खालचा दोष झाकतात. त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे; घेतलीच असेल तर ती पुढील कृतीनंतर वापरावी, तिच्याऐवजी नव्हे.

उपाय स्वस्त आहे: बारीक सुयांनी कॉफी तळापासून ढवळणे. जॉन वाइस या अमेरिकी कॉफीप्रेमीने २००५ मध्ये तो मांडला, आणि त्याची साधने होती एक सुई आणि तळ कापलेला दह्याचा डबा. आपणही बाटलीच्या बुचात ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या पाच-सहा सुया थोड्या फाकवून खोचाव्यात. अॅक्युपंक्चरच्या सुया या कामाला फार चांगल्या. दातकोरणे, सेफ्टी पिन, काट्याचा चमचा यांपैकी काहीही वापरू नये, कारण जाड टोक गुठळी फोडत नाही, तिला बाजूला ढकलून मागे चर ठेवते. बास्केटवर फनेल किंवा कापलेल्या डब्याचे कडे बसवावे. ते नसेल तर कॉफी ओट्यावर सांडेल या भीतीने हात आखडतो आणि ढवळणे वरवरचेच होते.

ढवळण्याचा क्रम असा. सुया थेट तळापर्यंत न्याव्यात, तळाला टेकल्याचा बारीक खरखर आवाज आला पाहिजे. तळाशीच लहान लहान वर्तुळे काढत कडेपासून मध्यापर्यंत यावे, मग सुया हळूहळू वर घेत तीच वर्तुळे मधल्या थरात काढावीत, आणि शेवटी केवळ पृष्ठभागावरून हलके फिरवून कॉफी समतल करावी. बहुतेक जण याच्या उलट करतात: वर जोरात, खाली अजिबात नाही. हात उभा ठेवावा, सुया तिरप्या ओढू नयेत. कडेचा कोपरा विशेष लक्ष देऊन फिरवावा, कारण पाट बहुधा तिथेच फुटतो. दहा-पंधरा सेकंद पुरतात. मग फनेल काढण्यापूर्वी पोर्टाफिल्टर रबरी मॅटवर एकदा, सरळ, हलकेच आपटावा, म्हणजे आतल्या पोकळ्या बसतात.

टॅम्पर १३-१४ किलोंच्या जोराने दाबावा असा जो नियम सांगितला जातो, त्याची चिंता सोडून द्यावी. ५८ मिलिमीटर व्यासाच्या थरावर ९ बार दाबाचे पाणी सुमारे २४० किलो वजनाइतका जोर लावते. त्यापुढे आपल्या मनगटाचे चार किलो इकडेतिकडे झाल्याने काय होणार? खारघरचा माझा भाचा टॅम्परवर अंगाचा सगळा भार टाकून विचारतो, “मामा, अजून दाबू?” कॉफी आणखी खाली जात नाही असे हाताला जाणवले की थांबावे, एवढेच उत्तर आहे.

महत्त्व आहे ते समतल दाबण्याला. थर एका बाजूला पातळ झाला की पाणी त्या बाजूने निसटते. इथे आपल्या घरांतली एक अडचण ध्यानात घ्यावी. ग्रॅनाइटच्या ओट्याला सिंककडे किंचित उतार दिलेला असतो, निदान ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात तो आहे, आणि त्यामुळे ओट्यावर टेकवलेल्या बास्केटवर टॅम्पर अगदी सरळ उभा धरला तरी कॉफी तिरकीच दाबली जाते. म्हणून संदर्भ बास्केटच्या काठाचा घ्यावा. अंगठा आणि तर्जनी टॅम्परच्या तळाच्या कडेवर अशी ठेवावीत की त्यांची टोके बास्केटच्या काठाला टेकतील. दोन्ही बोटांना टॅम्पर काठापासून सारखाच खोल लागला पाहिजे. मनगट सरळ, कोपर टॅम्परच्या बरोबर वर, आणि दाब एकदाच. शेवटी टॅम्पर फिरवून चकाकी आणण्याने चवीत काही भर पडत नाही.

टॅम्परचा व्यास बास्केटला नेमका जुळला पाहिजे. लहान मशीनांची बास्केट ५१ किंवा ५४ मिलिमीटरची असते आणि सोबत मिळणारा प्लॅस्टिकचा टॅम्पर पुष्कळदा सैल असतो, त्यामुळे कडेला न दाबलेले कडे राहते. कुंडीतली माती सुकून कडेने सुटली की घातलेले पाणी मुळांना न लागता तळाच्या भोकातून थेट बाहेर येते, तसेच इथे होते. याच कारणासाठी, दाबल्यानंतर काठाला चिकटलेली कॉफी झाडायला पोर्टाफिल्टरवर टॅम्परने टकटक करू नये. बसलेला थर त्या धक्क्याने कडेपासून सुटतो. काठ बोटाने पुसावा आणि पोर्टाफिल्टर न आदळता मशीनला लावावा.

१८ ग्रॅमवर ३६ ग्रॅम एस्प्रेसो साधारण २५ ते ३० सेकंदांत यावा. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर मिळाला तर खाली मोबाइलचा टॉर्च धरून पाहावे. सुरुवातीला सगळ्या तळावर थेंब फुटून मध्ये एकच धार जमावी. बारीक चिळकांडी उडाली, किंवा एका जागी धार बाकीच्यांच्या आधी फिकी पडली, तर त्या जागी सुया नीट फिरल्या नव्हत्या. शॉटनंतर, म्हणजे एस्प्रेसो काढून झाल्यावर, चोथ्याची चकती ओली निघाली की कोरडी, यावरून मात्र निष्कर्ष काढू नये.

दळण बदलण्याची घाईही करू नये. वजन आणि दळण तेच ठेवून लागोपाठ काढलेल्या शॉटांचा वेळ पाच-सात सेकंदांनी मागेपुढे होत असेल, तर भरणे सुधारावे. सगळेच शॉट सारखे, पण सगळेच फार वेगाने येत असतील, तर दळण एक खूण बारीक करावे. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत बिया ग्राइंडरच्या भांड्यात रात्रभर उघड्या ठेवू नयेत, लागतील तेवढ्याच तोलून घालाव्यात. थंडीत किंवा एसीच्या कोरड्या हवेत याउलट स्थिर विजेमुळे कॉफी ग्राइंडरला चिकटते आणि तिच्या गुठळ्या होतात. तेव्हा दळण्यापूर्वी ओल्या चमच्याच्या दांड्याने बिया एकदा ढवळाव्यात, तेवढा एक थेंब पुरतो.