अमॅटिक एससी: उभट हस्ताक्षरी फॉन्ट मथळ्यात कसा लावावा

व्हर्नन ॲडम्स यांचा अमॅटिक एससी हा गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, व्यावसायिक कामालाही चालतो. रेघ बारीक, किंचित थरथरती. अक्षरे उंच आणि अरुंद. स्मॉल लिपी यात नाहीच, त्या जागीही कॅपिटलच उमटतात. वजने, म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार, दोनच: रेग्युलर आणि बोल्ड.

जागा अरुंद आणि शब्द दोन ते पाच असतील तिथे तो खुलतो: बाटलीचे लेबल, मेन्यूतले मथळे, पुस्तकाचा कणा. पत्ता, फोन नंबर किंवा घटकांची यादी यात कधीही लावू नका. नुसती कॅपिटल, त्यात चिकटून उभी. सलग मजकूर वाचताना डोळा अडखळतो.

त्याच पॉइंटात हा फॉन्ट इतरांपेक्षा बराच लहान दिसतो. शेजारचा मजकूर १२ पॉइंट असेल, तर मथळा २८-३० पासून सुरू करा. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, २० ते ४० ठेवा. जागा भरायची म्हणून अक्षर आडवे ताणू नका: उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच बारीक राहतात आणि हाताचा ठसा तिथेच जातो. त्याऐवजी पॉइंट वाढवा. गडद रंगावर पांढरी अक्षरे हवीत तर बोल्डच घ्या. छपाईत शाई पसरते आणि रेग्युलरची रेघ बुजते.

‘कॉफी’ इंग्रजीत लिहून पाहा. दोन एफ आणि दोन ई शेजारी हुबेहूब सारखे येतात. हाताने लिहिणाऱ्याची दोन अक्षरे अशी कधीच जुळत नाहीत. मथळा कर्व्हमध्ये बदला (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा), जोडीतले एक अक्षर एखाद-दोन अंश तिरके करा, उंची दोन-तीन टक्के कमी करा. एवढ्याने मथळा जिवंत होतो, म्हणून हे काम टाळू नका.

मराठीसाठी मात्र दुसरा फॉन्ट लागतो. अमॅटिकमध्ये देवनागरी नाही. टाइप केलेत तर चौकोन दिसतात किंवा कम्प्युटर स्वतःच भलताच फॉन्ट लावतो. हस्ताक्षरी वळण हवे असेल तर ‘कलम’ हा फॉन्ट घ्या, अरुंदपणा महत्त्वाचा असेल तर ‘खंड’ हा. अमॅटिक बोल्डशेजारी कलम लाइट ठेवून पाहा, रेघांची जाडी बरीच जुळते. पॉइंट सारखे ठेवून उपयोग नाही. इंग्रजी कॅपिटलचा माथा शिरोरेषेच्या पातळीला आणा. देवनागरीला ट्रॅकिंग शून्यच हवे, नाहीतर शिरोरेषा तुटते. ओळींतले अंतर इंग्रजीला फॉन्टच्या आकाराएवढे चालते. मराठीला निदान १.३ पट द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

प्रेसला फाइल कर्व्ह करूनच पाठवा. तिथल्या मशीनवर फॉन्ट नसेल तर मथळा बदलतो, आणि कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठीची जोडाक्षरे फुटतात. कर्व्ह करण्याआधीची प्रत जपून ठेवा; त्यानंतर शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही.