मुलांना महिला वैमानिकाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

8 मार्च जवळ आला की बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या वर्गांत कर्तबगार स्त्रियांच्या गोष्टी सुरू होतात. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून आमच्या नेरूळच्या मुलांच्या तोंडी विमानाशिवाय दुसरा विषय नसतो, त्यामुळे महिला वैमानिकाची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. पण गोष्ट सांगून झाली तरी मुलांच्या हाती काहीच लागलं नाही, असं पुष्कळदा होतं. त्याची कारणं बहुतेक सांगण्यातच असतात.

‘मुलगी असूनही’ने सुरुवात

सर्वात जास्त नुकसान ही एक चूक करते. ‘मुली विमान चालवू शकत नाहीत’ हा विचार चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नसतोच. ‘ती मुलगी असूनही वैमानिक झाली’ असं म्हणून तो आपणच तिथे पेरतो, आणि मग खोडायला बसतो. विमानातून गावी जाऊन आलेल्या मुलांपैकी कुणी महिला कॅप्टनचा आवाजही ऐकलेला असतो. त्यांना या वाक्याचा अर्थच लागत नाही.

लहानांना सरळ सांगा: सरला नावाची एक बाई होती, तिला विमान चालवायला शिकायचं होतं. सरला ठकराल यांचा जन्म 1914 चा. 1936 मध्ये लाहोरला वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात हा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. त्या साडी नेसून विमान चालवायच्या आणि त्यांना तेव्हा चार वर्षांची मुलगी होती. बालवाडीतल्या मुलांना परवान्यापेक्षा या मुलीचंच अप्रूप जास्त. ‘तिची आई विमान चालवायला गेली की ती कुणाकडे राहायची?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘तुझी आई ऑफिसला जाते तेव्हा तू कुणाकडे राहतोस?’ असं उलट विचारा. मग आजी, पाळणाघर, शेजारच्या काकू असं सगळं बाहेर येतं आणि सरलाबाई त्यांच्या ओळखीच्या होतात.

अडवणूक, नकार, अन्याय हे सगळं सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ठेवा, आणि तेही मोघम नको. बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला अमेरिकेतल्या उड्डाणशाळा प्रवेश देईनात. तिने फ्रेंच भाषा शिकून घेतली, फ्रान्स गाठलं आणि 1921 मध्ये परवाना मिळवला. एवढं सांगितलं की दुसरीतली मुलं स्वतःच चिडून म्हणतात, ‘असं कसं नाही घेणार?’ समानतेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

विमान गोष्टीबाहेर राहतं

जन्म, शिक्षण, पुरस्कार या क्रमाने सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांत कोसळते. मुलं चुळबुळ करू लागली की आपण आवाज चढवतो, पण खोट आवाजात नसतेच. मुलांना विमान हवं असतं आणि ते आपण चित्रापुरतं ठेवलेलं असतं.

सरलाबाईंचं जिप्सी मॉथ हे विमान मुलांसाठी खजिना आहे. पंखांच्या दोन जोड्या, एकावर एक. पंखांवर कापड ताणून बसवलेलं. डोक्यावर छत नाही, म्हणून वाऱ्यासाठी चष्मा आणि टोपी. पुढचा पंखा सुरू करायला कुणीतरी खाली उभं राहून तो हाताने फिरवायचा. जागा नसेल तर पंख मागे दुमडूनही ठेवता यायचे. बसायला दोनच जागा, एकीमागे एक. इंजिनाच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी नळीतून बोलत.

हे करून दाखवा. दोन खुर्च्या एकीमागे एक मांडा. बागेला पाणी घालायच्या पाइपाचा तीन-चार हात लांब स्वच्छ तुकडा घ्या आणि दोन्ही टोकांना नरसाळी बसवा. पुढच्या खुर्चीत शिक्षक, मागच्या खुर्चीत शिकणारी सरला. शेजारी मिक्सर चालू करा आणि आधी नळीशिवाय ‘डावीकडे वळ’ म्हणायला सांगा. मागच्याला काही कळत नाही. मग नळी कानाला लावायची. तेच शब्द स्वच्छ ऐकू आले की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नळीत ओरडायचं मात्र नाही, हा नियम आधीच सांगा, कानाला त्रास होतो. सगळ्यांची पाळी झाली की पुढच्या खुर्चीतल्या शिक्षकाला उठवा आणि विचारा, ‘आता सरलाला कोण सांगणार?’ एकटीने उड्डाण करणं म्हणजे काय, हे त्या रिकाम्या खुर्चीने क्षणात समजतं.

वैमानिकाचा पोशाख घालून फोटो काढणं एवढ्यावरच भागवत असाल तर थांबा. फॅन्सी ड्रेसमध्ये मुलगी नुसती उभी राहते. तिच्या हाताला काम द्या. पंखा फिरवू दे, वारा कुठून येतोय ते रुमालाने बघू दे.

कागदी विमानं उडवताना ‘माझं पडतंय’ अशी रड सुरू होते, तीही वाया घालवू नका. विमान नाकावर आपटत असेल तर पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवा. वर चढून मध्येच थबकून पडत असेल तर त्या कडा थोड्या सरळ करा किंवा नाकाला एक यू-पिन लावा. खऱ्या वैमानिकही शेपटीची फळी वर-खाली करूनच विमानाचं नाक उचलतात, हे इथेच सांगून टाका.

चुकीची चित्रं, चुकीचे पराक्रम

साडीतल्या सरलाबाईंच्या मागे आजचं मोठं जेट विमान उभं असलेली चित्रं व्हॉट्सॅपवर फिरतात. ती वापरू नका. नंतर दुपंखी विमान दाखवलं की मुलांना ते खोटं वाटतं.

अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या बाबतीत तर घोळ ठरलेलाच. 1928 मध्ये ती विमानातून अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री ठरली, पण तेव्हा ती प्रवासी होती, विमान दुसरेच चालवत होते. एकटीने तो महासागर पार केला तो मे 1932 मध्ये. जवळजवळ पंधरा तास, पंखांवर बर्फ, उंची दाखवणारं यंत्र बंद पडलेलं. शेवटी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात ती उतरली. दोन्ही उड्डाणं सांगा. आधी मागे बसली, मग स्वतः चालवलं, हे मुलांना फार पटतं, कारण त्यांचं सायकल शिकणंही तसंच चाललेलं असतं.

‘ती मेली का?’

हा प्रश्न टाळू नका, आणि ‘ढगांत हरवली’, ‘देवाघरी उडून गेली’ असलं काही तर मुळीच सांगू नका. वर्गातल्या कुणाचे बाबा दुबईला असतात, कुणी येत्या सुट्टीत विमानाने जाणार असतं. ढगात माणसं हरवतात असं ऐकलेलं मूल रात्री झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात उभी राहते.

खरं आणि थोडक्यात सांगा. जुलै 1937 मध्ये अमेलिया आणि तिचा सोबती प्रशांत महासागरातलं हाउलंड नावाचं एक बेट शोधत होते. बेट इतकं छोटं की लांबी अडीच किलोमीटरही नाही. ते सापडलं नाही, इंधन संपत आलं होतं, आणि पुढे त्यांचं विमान कुणालाच मिळालं नाही. आज विमानाला उपग्रहाकडून वाट कळते, जमिनीवरची माणसं सतत बोलत असतात, हे लगेच जोडून सांगा. एवढं ऐकून मूल खेळायला गेलं तर जाऊ द्या.

गोष्ट परवान्यापाशी तोडणं

सरलाबाईंचे वैमानिक पती 1939 मध्ये अपघातात गेले. महायुद्धामुळे पुढचं व्यावसायिक प्रशिक्षण थांबलं. त्या चित्रकलेकडे वळल्या, फाळणीनंतर दिल्लीला आल्या, कापडाची आणि दागिन्यांची नक्षी करू लागल्या. हा भाग अपयश समजून गाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या मुलांना तो सांगाच. लहानांना इतकं पुरे: ‘मग त्यांनी साड्यांवर चित्रं काढली.’

सगळ्या गोष्टी दूरच्या वाटत असतील तर कॅप्टन सौदामिनी देशमुखांचं नाव घ्या. 1985 मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर फक्त महिलांनी चालवलेल्या विमानाच्या त्या कॅप्टन होत्या, सोबत निवेदिता भसीन. ‘देशमुख’ ऐकल्याबरोबर वर्गातले देशमुख ताठ बसतात.

आणि शेवटी लगेच ‘मग तुला मोठेपणी काय व्हायचंय?’ विचारू नका. सगळे एका सुरात ‘पायलट’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, ‘उडण्याआधी सरलाने विमानात काय काय तपासलं असेल?’ पेट्रोल, पंखा, वारा, चष्मा अशी यादी फळ्यावर चढत जाते. कुणीतरी ‘डबा’ म्हणालं तर तोही लिहा.