लाकडी बैलाची चाके लंबगोल दिसू लागली तर

तान्ह्या पोळ्याचे चित्रीकरण अंगणात धोतर ताणून प्रोजेक्टरवर दाखवले, तेव्हा लाकडी बैलांची चाके लंबगोल आणि पोरे बुटकी दिसत होती. दोष यंत्राचा नव्हता, जुळवणीचा होता.

१. माहितीपुस्तिकेत 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे प्रोजेक्टरच्या स्वतःच्या आडव्या व उभ्या चित्रबिंदूंची संख्या, पाहावे, उदाहरणार्थ १२८० × ७२०. खोक्यावर ठळक छापलेला '१०८० सपोर्ट' हा आकडा म्हणजे केवळ यंत्राला स्वीकारता येणारे चित्र असते, त्यावर विसंबू नये.

२. लॅपटॉप जोडून विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडावे आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये तोच नेटिव्ह आकडा ठेवावा. 'डुप्लिकेट'मध्ये, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवल्यास, लॅपटॉपचा १३६६ × ७६८ हा आकडा पुढे जाऊन अक्षरे पुसट होऊ शकतात.

३. प्रोजेक्टरच्या 'ॲस्पेक्ट'मध्ये (चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण) चित्र ताणून पडदा भरणारे 'फुल' न ठेवता 'ऑटो' निवडावे. लग्नाच्या जुन्या ४:३ सीडीला दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात.

चित्र तिरपे पडल्यास 'कीस्टोन' (तिरपे चित्र यंत्रातूनच चौकोनी करण्याची सोय) वापरण्याआधी स्टूलच पडद्यासमोर सरळ व योग्य उंचीवर मांडावे, कारण कीस्टोनने चित्र आक्रसते आणि वरील जुळवणीचा फायदा बराचसा वाया जातो.