गारिंचाची आठवण मुलांना कशी सांगावी

कोल्हापुरात फुटबॉलचा वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. पेले कोण, हे सहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण १९६२चा वर्ल्डकप ब्राझीलला ज्यानं जिंकून दिला, त्या गारिंचाचं नाव घेतलं की मुलं एकमेकांकडं बघतात. मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि २८ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे त्याच्या जन्मदिवसाला, एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवतो. तुमच्या तालमीत किंवा शाळेत हे करायचं असेल तर कसं करावं, ते सांगतो.

सुरुवात मैदानावर करा, खोलीत नको. उजव्या टचलाईनजवळ, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेजवळ, दहा पावलांची चौकट आखा, एक विंगर (कडेनं चढाई करणारा) आणि एक बॅक (त्याला अडवणारा) उभा करा. विंगरनं बॉल पायाशी थांबवायचा, खांदा आत झुकवायचा आणि बाहेरच्या बाजूनंच निसटायचं. बॅकला आधीच सांगून टाका की हा बाहेरूनच जाणार. बहुतेक मुलांचा बॉल बॅक तिथंच काढून घेतो. मग सांगा, की गारिंचा आयुष्यभर जवळपास हेच करत राहिला. सगळ्या जगाला त्याची चाल माहीत होती, तरी तो निघून जायचा. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून एकाच बाजूला वाकलेले होते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, हेही इथंच सांगा. पाऊ ग्रांदे या गिरणीच्या गावचा हा पोरगा. स्वतःही त्याच कापड गिरणीत कामाला होता. १९५३मध्ये तो रिओच्या बोताफोगो क्लबच्या चाचणीला आला आणि देशातला नावाजलेला बॅक निल्टन सांतोसलाच त्यानं चकवलं. ह्याला आपल्याकडंच घ्या, असं निल्टननंच क्लबला सांगितलं, अशी आठवण ब्राझीलमध्ये सांगतात.

आता मुलांना बसवा आणि चित्रफिती दाखवा. अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, काळ्यापांढऱ्या चित्राला मुलं लवकर कंटाळतात. पहिली चित्रफीत १५ जून १९५८ची, गोथेनबर्ग, सोव्हिएत संघाविरुद्ध. गारिंचा आणि पेले दोघांचाही तो वर्ल्डकपमधला पहिला सामना. सुरुवातीच्या तीन मिनिटांत गारिंचाचा फटका खांबावर, मग पेलेचा गोलच्या चौकटीवर, मग ब्राझीलच्याच वावाचा गोल. दुसरी त्याच वर्ल्डकपची फायनल, स्वीडनविरुद्ध. वावाचे दोन्ही गोल एकापाठोपाठ बघा. दोन्ही वेळा गारिंचा उजवीकडून बाहेरून जातो आणि बॉल गोलसमोर टाकतो, म्हणजे मुलांनी मघाशी केलेला सराव तंतोतंत. इथं चित्रफीत थांबवून परत दाखवा. मुलं आपोआप पुढं सरकतात.

तिसरी १९६२, चिली. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन बाहेर पडला आणि सगळा भार गारिंचावर आला. इंग्लंडविरुद्ध त्याचे दोन गोल, एक चक्क हेडरनं. त्या सामन्यात मैदानात एक कुत्रं शिरलं होतं, गारिंचालाही हुलकावणी देऊन गेलं, शेवटी इंग्लंडच्या ग्रीव्हजनं गुडघ्यावर बसून पकडलं. पुढं ते गारिंचानंच घरी नेलं. सेमीफायनलला यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन गोल आणि शेवटी पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. तरी बंदी आली नाही, आणि अंगात ताप असताना तो फायनल खेळला. ब्राझील ३-१ जिंकलं.

इथवर मुलं खूश असतात. पुढचा भाग सांगायला जड आहे, आणि बरेच जण तो एका वाक्यात उरकतात: दारूनं वाया गेला. हे वाक्य तुम्ही वापरू नका. दारू होतीच, त्याच्या वडिलांनाही होती. पण मुलांना आधी क्लबचा हिशोब समजावून सांगा. त्या काळी ब्राझीलमध्ये खेळाडूचा ‘पास’ क्लबच्या मालकीचा असायचा. करार संपला तरी क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडं जाता यायचं नाही; हा नियम १९९८च्या कायद्यानं मोडला. गारिंचा कोऱ्या करारावर सही करायचा, आकडा नंतर क्लब भरायचा. बोताफोगो परदेशांत मैत्रीपूर्ण सामने खेळून पैसा मिळवायचं, आणि गारिंचा संघात असेल तर मानधन जास्त मिळायचं. त्याचा गुडघा झिजत चालला होता. तरी सुई टोचून, दुखणं दाबून त्याला उतरवत राहिले. शस्त्रक्रिया झाली ती १९६४मध्ये, तोवर फार उशीर झाला होता. १९६६मध्ये तोच गुडघा घेऊन तो वर्ल्डकपला गेला. लिव्हरपूलला हंगेरीनं ब्राझीलला ३-१ हरवलं. वर्ल्डकपमधला हा त्याचा शेवटचा सामना. ब्राझीलच्या शर्टात तो हरला असा सामना हा एवढाच.

मोठ्या मुलांना, पंधराच्या पुढच्यांना, घरचंही सांगा. त्यानं पहिली बायको आणि मुली सोडल्या. गायिका एल्झा सुआरेसबरोबर राहिला, तिला मारहाण केली. १९६९मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात एल्झाची आई गेली. मुलं विचारतात, मग सर, तो चांगला की वाईट? उत्तर देण्याची घाई करू नका. एल्झानं काय सोसलं ते क्लबच्या माथी मारता येत नाही, आणि क्लबनं गुडघ्याचं जे केलं ते त्याच्या दारूखाली लपवता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा.

शेवट थोडक्यात सांगा. १९७३मध्ये माराकानावर त्याच्या मदतीसाठी सामना झाला, सव्वा लाखावर लोक आले. २० जानेवारी १९८३ला तो गेला, वय ४९. त्याचं शव माराकानावर ठेवलं, गावापर्यंतच्या रस्त्यावर माणसंच माणसं. ब्राझिलियाच्या भल्यामोठ्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. आणि २०१७मध्ये स्मशानभूमीच्या लोकांनीच सांगितलं की त्याचे अवशेष नेमके कुठं आहेत ते खात्रीनं सांगता येत नाही. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतात. होऊ द्या, लगेच बोलून ती शांतता मोडू नका.

संध्याकाळ संपली तरी एक काम उरतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. सेमीफायनलच्या सकाळी गुडघ्यात इंजेक्शन घेऊन उतरलेली पोरं मी आपल्याकडंही पाहिली आहेत. दोन वर्षांत ती मैदानावर दिसेनाशी झाली. म्हणून पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बाजूला घ्या. कुठं दुखतंय का, वेदनाशामक गोळी खाऊन खेळतोस का, घरात कुणाला सांगितलंयस का, एवढंच विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर सगळे नाहीच म्हणतील, कारण संघातली जागा जायची भीती असते. ज्याचं दुखतंय त्याला आधी शब्द द्या की जागा तुझीच राहील, आणि मग हाडांच्या डॉक्टरांकडं त्याच्याबरोबर स्वतः जा. मंडळाच्या अध्यक्षांना मॅचआधी कळवा की हा पोरगा या रविवारी खेळणार नाही. ते चिडले तरी निर्णय बदलू नका.